परसांतील मत्स्यकुंड वाढवितांना

(नभोवाणीवरील भाषण)

घराच्या परसांत पाण्याचा हौद असणें ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळीं कात्रजचें पाणी नळानें पुण्यांत आलें आणि पेठापेठांतून, वाड्यावाड्यांतून हौद भरूं लागले. त्या हौदांचें काम पिण्याचें व वापरण्याचें पाणी पुरविण्याचें होतें. आतां घरोघर नळाच्या तोट्या आल्या. आणि ज्यांच्या घरामागें थोडी मोकळी जागा उरली आहे अशा कांहीं कुटुंबांत त्या हौदाची जागा सिमेंटच्या लहानशा मत्स्यकुंडानें घेतली आहे. त्यांत चार सोनेरी मासे आणि एखादें कमळ असलें, म्हणजे मुलांना आनंद व वडील माणसांना विरंगुळा होतो. पुढें मासे वाढतात, त्यांना पिल्लें होतात, कुंड अपुरें वाटूं लागतें. आणि एके दिवशीं घरांत बोलणें निघतें कीं, ही एक भिंत काढून कुंड थोडें पुढें नेलें तर काय हरकत आहे?

हरकत कांहीं नाहीं. पण हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. नवें कुंड बांधणें एक वेळ सोपें, जुनें वाढविणें अवघड. कारण वाढवितांना दोन सांधे जुळवावे लागतात. पहिला सांधा जुन्या काँक्रीटचा नव्या काँक्रीटशीं, आणि दुसरा जुन्या पाण्याचा नव्या पाण्याशीं. पहिला डोळ्यांना दिसतो, म्हणून मालक व गवंडी दोघेहि त्याची काळजी वाहतात. दुसरा दिसत नाहीं; आणि माशांचे प्राण जातात ते बहुधा या न दिसणाऱ्या सांध्यापाशीं. आजच्या भाषणांत या दोन्ही सांध्यांचा विचार करावयाचा आहे.

परंतु औषधापूर्वीं रोगाची परीक्षा केली पाहिजे. कित्येकदां पाणी रोज उतरतें म्हणून कुंड फुटलें असें समजून पहार हातीं घेतली जाते, आणि खरें कारण उन्हानें होणारी वाफ एवढेंच असतें. याची कसोटी घरच्या घरीं करतां येते. कुंडांत पायरीवर किंवा दगडावर एक बादली ठेवावी. बादलींतील पाणी व बाहेरील पाणी एका पातळीवर आणून दोहोंच्या खुणा कराव्या, आणि चोवीस तास कारंजें व पंप बंद ठेवावा. ऊन व वारा दोहोंना सारखाच लागतो. म्हणून दोन्ही पाणी सारखेंच उतरलें तर ती वाफ. कुंडांतील पाणी बादलीपेक्षां अधिक उतरलें, तर ती गळती. गळती असल्यास, मासे दुसरीकडे हलवून पाणी आपोआप उतरूं द्यावें. तें ज्या रेषेवर थांबेल त्या रेषेच्या आसपास चीर शोधावी. तळापर्यंत उतरलें, तर दोष तळांत आहे. असें कुंड वाढविण्यापूर्वीं दुरुस्त करावें लागेल. आजारी भिंतीला नवी भिंत जोडण्यांत अर्थ नाहीं.

मग प्रश्न येतो, कुंड लांब करावें कीं खोल? येथें शाळेंतील पदार्थविज्ञान उपयोगीं पडतें. भिंतीवर पडणारा पाण्याचा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, लांबीवर नव्हे. पाणी ६० सेंटिमीटर खोल असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकंदर सुमारें १८० किलोग्रॅमचा रेटा येतो. खोली दुप्पट, म्हणजे १२० सेंटिमीटर केली, तर रेटा दुप्पट न होतां चौपट, म्हणजे ७२० किलोग्रॅम होतो. म्हणून जुन्या भिंतीवर चार विटा चढवून किंवा तिच्या पायथ्याशीं खणून कुंड खोल करणें हा धोक्याचा मार्ग होय. लांबी-रुंदी वाढविल्यानें जुन्या भिंतीवरील दाब वाढत नाहीं. शिवाय पाण्यांत प्राणवायु शिरतो तो पृष्ठभागांतून. तेव्हां पसरट कुंडानें माशांचा लाभच होतो. मात्र फार उथळहि नको. पाणी जसजसें तापतें तसतसा त्यांत कमी प्राणवायु मावतो. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्यें सुमारें ९ मिलिग्रॅम मावत असेल, तर ३० अंशांस साडेसातच मावतो. आपल्याकडील वैशाखाचा विचार करतां दोन-अडीच फूट खोली व कुंडाच्या एका भागावर सावली हें प्रमाण ठीक.

आतां पहिल्या सांध्याकडे वळूं. लोखंडी जाळीवर सिमेंटचें काम करण्याची विद्या जगाला ज्यांनीं दिली त्यांत जोसेफ मोनिए या फ्रेंच माळ्याचें नांव अग्रभागीं आहे. त्यानें १८६७ सालीं जें पहिलें पेटंट मिळविलें तें पुलासाठीं वा इमारतीसाठीं नव्हतें. बागेंतील झाडांच्या कुंड्यांसाठीं होतें. मातीच्या कुंड्या फुटतात व लाकडी कुजतात, म्हणून त्यानें सिमेंटांत लोखंडी जाळी घातली. बागेंतील कुंडाच्या गरजेंतून ही विद्या वाढली असें म्हटलें तरी चालेल. त्यांतील मर्म असें कीं, काँक्रीट दाब सहन करतें, पण ताण सहन करीत नाहीं. ताण लोखंड सोसतें. आणि जुन्या-नव्याच्या सांध्यावर जें येतें तें ताणाचेंच संकट.

तें कसें, पाहा. काँक्रीट वाळतांना आकसतें. आपल्या जुन्या कुंडाचें आकसणें कधींच संपलेलें असतें. नवें काँक्रीट मात्र पुढें कित्येक महिने आकसत राहतें. एक स्थिर उभा आहे आणि दुसरा हळूहळू मागें सरतो आहे, अशा दोघांनीं एकमेकांचा हात धरला तर पकड सुटणारच. ती सुटते त्या रेषेवर केसासारखी चीर पडते. दुसरें कारण जमिनींत आहे. जुन्या कुंडाखालची माती वर्षानुवर्षांच्या भारानें बसलेली असते, तर नव्या भागाखालची नुकतीच उकरलेली असते. त्यांतून ती दख्खनची काळी माती असेल तर विचारूं नका. पावसाळ्यांत ती फुगते व उन्हाळ्यांत आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काळ्या मातीवर तळ घालूं नये. ती काढून मुरूम लागेपर्यंत खणावें, आणि भर घालावी लागल्यास मुरुमाचीच थराथरानें, पाणी घालून व ठोकून घालावी.

सांधा जुळविण्याच्या तीन रीति आहेत. पहिली रीत म्हणजे सांधा करावयाचाच नाहीं. जुन्या कुंडाशेजारीं वीतभर अंतर ठेवून दुसरें स्वतंत्र कुंड बांधावें, आणि पाण्याच्या पातळीखालीं एका रुंद नळानें दोन्ही जोडावीं. जोडलेल्या पात्रांत पाणी एका पातळीवर राहतें हा नियम सर्वांस ठाऊक आहे. लहान पंपानें नव्या कुंडांतील पाणी जुन्यांत सोडलें कीं तें नळावाटे परत येतें, आणि दोन्हींचें पाणी खेळतें राहतें. मधल्या फटीवर एखादी फरशी टाकली कीं तिचा लहानसा पूल होतो. येथें जुन्या भिंतीस एकच गोल भोंक पाडावें लागतें, आणि तें रबरी कड्यानें पक्कें बुजविणें हें सबंध भिंतीचा सांधा बुजविण्यापेक्षां कितीतरी सोपें आहे. दोन्ही कुंडें आपापल्या परीनें आकसोत वा खचोत. एक दुसऱ्यास ओढीत नाहीं.

दुसरी रीत भिंत काढून खरोखरच जोडण्याची. तींत जुन्या काँक्रीटचा कापलेला भाग छिन्नीनें टाचून आंतील खडी दिसेपर्यंत खरखरीत करावा, धूळ धुऊन काढावी, एक दिवस भिजत ठेवावा, आणि वरचें पाणी निथळल्यावर सिमेंटची दाट रबडी लावून ती ओली असतांनाच नवा माल टाकावा. जुन्या भिंतींत भोंकें पाडून त्यांत पक्क्या बसविलेल्या लोखंडी सळ्या नव्या भागांत जाऊं द्याव्या. सांध्यांत पाणी लागतांच फुगणारी पट्टी मिळते, ती घालावी. आणि इतकें करूनहि त्या रेषेवर विश्वासून न राहतां आंतून एक खांच ठेवून ती माशांना अपाय न करणाऱ्या लवचीक भरणानें भरावी.

तिसरी रीत अस्तराची. जुन्या व नव्या दोन्ही भागांवर मिळून एकच अखंड प्लास्टिकचें अस्तर घालावें. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं 'मागेल त्याला शेततळें' ही योजना काढली, त्यानंतर असलें अस्तर तालुक्याच्या गांवींहि माहितीचें झालें आहे. शेततळ्यास सामान्यतः ५०० मायक्रॉन जाडीचें वापरतात. खालीं जाड कापडाची गादी द्यावी व कांठावरील भाग दगडाखालीं झांकावा, म्हणजे उन्हानें तो कडक होऊन फाटत नाहीं. ज्यांच्याजवळ जागा आहे त्यांनीं पहिली रीत घ्यावी. ज्यांचें जुनें कुंड ठिकठिकाणीं चिरललें आहे त्यांनीं तिसरी. दुसरी केवळ निरुपाय असेल तेव्हां.

मालाविषयीं थोडक्यांत सांगतों. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू व तीन भाग बारीक खडी हें प्रमाण लहान कुंडास पुरतें. खरी मेख पाण्याची आहे. ५० किलोच्या पोत्यास २५ लिटरांहून अधिक पाणी घालूं देऊं नये. माल सैल असला कीं थापावयास सोपा जातो, म्हणून गवंड्याचा हात पाण्याकडे वळतो. पण जास्तीचें पाणी पुढें वाफ होऊन जातें व मागें बारीक छिद्रें ठेवतें. त्याच छिद्रांतून कुंड झिरपतें. सळ्यांवर निदान चार सेंटिमीटर काँक्रीटचें आच्छादन असावें, नाहींतर त्या गंजून फुगतात व गिलावा फोडतात. कोपरे काटकोनी न ठेवतां गोलाईदार करावे.

त्यानंतर पाणी मारणें. सात दिवस हें अगदीं कमींत कमी. राखमिश्रित सिमेंट असेल, आणि हल्लीं तें बहुधा असतेंच, तर चौदा दिवस काँक्रीट सतत ओलें ठेवावें. येथें एक सावधगिरीची सूचना आहे. साठविलेल्या पाण्यांत डेंग्यूचे डांस अंडीं घालतात, आणि उष्ण हवेंत अंड्यापासून आठदहा दिवसांत डांस उडूं लागतो. एरवीं कुंडांतील मासे अळ्या खाऊन टाकतात, पण काम चालू असतांना तेथें मासे नसतात. म्हणून मुरविण्याचें पाणी पांचव्या-सहाव्या दिवशीं उपसून टाकावें व भिंती घासून घ्याव्या. कारण हीं अंडीं भिंतीला चिकटून कोरड्यांतहि महिनोमहिने टिकतात.

या कामास ऋतु कोणता? दिवाळीनंतरचा. भर पावसाळ्यांत जमिनींत पाणी चढलेलें असतांना खोल कुंड रिकामें केलें, तर खालचें पाणी तळास वर रेटतें व तळ उकलतो. भरलेलें कुंड आपल्या वजनानें स्थिर असतें. रिकामें कुंड हें जमिनींत रुतलेल्या होडीसारखें असतें.

आतां दुसरा सांधा. आमच्या आळींतील एका गृहस्थांनीं असेंच कुंड वाढविलें. काम उत्तम झालें. पाण्याचा थेंब कोठें झिरपला नाहीं. आठव्या दिवशीं त्यांनीं नळाचें नवें पाणी भरलें व मासे सोडले. पाणी आरशासारखें नितळ होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं सगळे मासे पृष्ठभागावर तरंगत होते. त्यांच्या नातीनें विचारलें, "पाणी तर इतकें स्वच्छ आहे, मग मासे कां मेले?" या प्रश्नाचें उत्तर प्रत्येक कुंडवाल्यास ठाऊक असावें.

सिमेंट पाण्याशीं मिळून घट्ट होतें तेव्हां त्यांतून चुना मोकळा होतो. हा चुना नव्या भिंतीमधून पाण्यांत उतरत राहतो. पाण्याची आम्लता व अल्कता मोजण्याच्या मापास सामू म्हणतात. तो ७ असला तर पाणी समभाव. त्याच्या वर अल्क, खालीं आम्ल. आणि प्रत्येक पायरी मागच्या पायरीच्या दसपट. माशांस साडेसहापासून साडेआठपर्यंतचें पाणी मानवतें. चुन्याची निवळी १२ च्याहि वर असते. म्हणजे समभावी पाण्याहून तिची अल्कता लाखपटींहून अधिक. असल्या पाण्यानें माशांचे कल्ले अक्षरशः भाजतात. आणि तें नितळ दिसतें, कारण त्यांत शेवाळ देखील जगूं शकत नाहीं.

या चुन्याची परीक्षा करण्यास आपल्या देवघरांतील विद्या पुरे आहे. हळद चुन्याशीं मिळाली कीं लाल होते. आपलें कुंकू परंपरेनें असेंच होत आलें आहे. पांढरा कागद हळदीच्या पाण्यांत बुडवून वाळवावा व त्यावर कुंडांतील पाण्याचा थेंब टाकावा. डाग तांबूस झाला तर त्या पाण्यांत मासे सोडणें म्हणजे त्यांना मारणें होय. पिवळा राहिला तर मोठा धोका गेला. तथापि बाजारांत मिळणाऱ्या सामू-पट्टीनें नक्की आंकडा पाहावा.

चुना काढण्याचा उपाय म्हणजे धीर. कुंड भरून चार-पांच दिवस ठेवावें, भिंती घासाव्या, पाणी सोडून द्यावें. असें तीन-चार वेळां करावें. केळीच्या खुंटाचे तुकडे पाण्यांत कुजत टाकण्याची आपल्याकडील चाल अगदीं सशास्त्र आहे; कुजण्यानें आम्लें व कर्बवायु निर्माण होतात आणि चुना मारला जातो. नंतर मात्र तें पाणी पूर्ण उपसून कुंड धुवावें, कारण कुजणारा पदार्थ प्राणवायुहि खाऊन टाकतो. अस्तराच्या कुंडास हा खटाटोप नको; पाण्याचा सिमेंटला स्पर्शच होत नाहीं.

चुना गेला तरी सांधा पुरा झाला नाहीं. माशांच्या उत्सर्गांतून अमोनिया पाण्यांत जातो व तो त्यांना विषारी असतो. जुन्या कुंडांत हें विष सांचत नाहीं, कारण भिंतीवरच्या बुळबुळीत थरांत राहणारे सूक्ष्म जीवाणु त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात. आणि नायट्रेट वनस्पतींचें अन्न होतें. सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास या जीवाणूंचें कार्य उघड केलें. नव्या भिंतीवर हे जीवाणु नसतात. ते पुरेसे वाढावयास चारसहा आठवडे लागतात. आणि चुन्याशीं या विषाचें संगनमत आहे. २५ अंश उष्णतेंत सामू ७ असतां अमोनियाचा शंभरांत एक भागहि विषारी रूपांत नसतो. ८ असतां सुमारें पांच भाग, आणि ९ असतां सुमारें छत्तीस भाग असतात. एकच मासा, तोच उत्सर्ग. पण पाणी बदललें कीं त्याचेंच विष होतें. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर हेंच आहे. स्वच्छ पाणी निराळें आणि मुरलेलें पाणी निराळें.

म्हणून काम काढतांना जुनें पाणी गटारांत सोडूं नये. जितकें साठवितां येईल तितकें टाकींत साठवावें. त्यांतच मासे सावलींत ठेवावे, वर जाळी घालावी, हवेचा पंप चालू ठेवावा व खाणें अगदीं थोडें द्यावें. जुने दगडगोटे, गाळणींतील स्पंज, कमळाची कुंडी हें सारें त्याच पाण्यांत ओलें राहूं द्यावें. नळाखालीं घासून धुऊं नये, कारण त्यांवरील बुळबुळीत थर हेंच आपलें विरजण आहे. दुधाचें दही व्हावयास जसें जुन्या दह्याचें विरजण, तसें नव्या कुंडास जुन्या कुंडाचें पाणी व दगड. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मासे व जीवाणु दोघांनाहि मारक असतो. उघड्या भांड्यांत एक-दोन दिवस ठेवल्यास तो बहुतांशीं उडून जातो. पाणी वापरावयाचें तें असें शिळें करूनच वापरावें. प्रथम दोन-तीनच मासे सोडावे, आठवडाभर पाहावें, मग बाकीचे. कुंड दुप्पट झालें म्हणून मासे लगेच दुप्पट करूं नयेत. जास्त झालेले मासे नदींत वा तलावांत सोडणें हें पुण्यकर्म नव्हे. परदेशीं जातीचे मासे तेथील देशी माशांच्या अन्नावर व पिल्लांवर तुटून पडतात. ते ओळखीच्या कुंडवाल्यास द्यावे.

शेवटीं दोन गोष्टी सजावटीच्या नव्हेत, जिवाच्या आहेत. घरांत लहान मूल असेल तर पाण्याच्या पृष्ठभागाच्या वर मजबूत लोखंडी जाळी बसवावी किंवा कुंडास कुंपण घालावें. रांगतें मूल वीतभर पाण्यांतहि बुडतें, आणि आवाज होत नाहीं. कामाच्या दिवसांतील उघडा खड्डाहि रात्रीं झांकलेला असावा. दुसरें, पाण्यांतील पंपाच्या तारेवर गळती होतांच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची कळ बसविल्याशिवाय पंप चालवूं नये, आणि पाण्यांत हात घालण्यापूर्वीं तो बंद करावा.

श्रोतेहो, गवंडी आपलें काम पंधरवड्यांत संपवून जाईल. पाण्याचें काम त्यानंतर दोन महिने चालावयाचें असतें, आणि त्यास मजुरी पडत नाहीं. रोज सकाळीं पाण्यापाशीं बसून मासे खालीं फिरतात कीं वर येऊन तोंडें उघडतात हें पाहणें, आठवड्यास हळदीचा कागद भिजविणें, चार बादल्या शिळें पाणी बदलणें, एवढेंच तें आहे. हें काम घरांतील मुलांवर सोंपवावें. भिंतीवर हिरवट थर धरूं लागला कीं ती घासावयास जाऊं नका. नव्या कुंडानें जुन्याशीं नातें जोडलें, याची ती पहिली खूण होय.